जुन्या प्रतिमा-संचिकांचे माऊस-दर्शकात रूपांतर : तत्त्व, प्रक्रिया आणि दक्षता

गोषवारा

संगणकाच्या पडद्यावर माऊसबरोबर फिरणारा दर्शक, म्हणजेच कर्सर, हे वरकरणी एक लहानसे चित्र वाटते. प्रत्यक्षात त्यात तीन गोष्टी एकत्र असतात : दिसणारी आकृती, त्या आकृतीची पारदर्शकता आणि जिच्यामुळे क्लिक नेमकी कोठे लागू होईल हे ठरते ती एका पिक्सेलची नोंद. १९८० व १९९० च्या दशकांतील एक्सबीएम, जीआयएफ, बीएमपी किंवा आयसीओ या प्रकारच्या संचिकांतील चित्रे आजच्या दर्शकात रूपांतरित करताना यांपैकी दुसरी व तिसरी गोष्ट बहुधा हरवते. प्रस्तुत लेखात या संचिकांची अंतर्गत रचना, रूपांतराचे टप्पे, त्यात होणाऱ्या चुकांची लक्षणे, तसेच सुरक्षितता आणि दृष्टिदुर्बल वापरकर्त्यांची सोय यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : माऊस-दर्शक, लक्ष्यबिंदू, मास्क, एक्सबीएम, सीयूआर, एक्सकर्सर, सुलभता.

१. प्रस्तावना

‘कर्सर’ हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘धावणारा’ असा आहे. संगणक येण्यापूर्वी अभियंत्यांच्या हाती असणाऱ्या स्लाइड रूलवर जी पारदर्शक, बारीक रेघ असलेली काच सरकत असे तिलाही कर्सरच म्हणत. पडद्यावरचा दर्शक हा त्याच कुळातील आहे : स्वतः काही न सांगता ‘येथे पाहा’ एवढेच तो सांगतो.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकात दर्शकाला १६ × १६ पिक्सेलांचा चौकोन मिळाला. १९८४ च्या मॅकिंटॉशनेही हेच माप स्वीकारले. मॅकिंटॉशच्या दर्शकाची संपूर्ण माहिती ६८ बाइटांत मावत असे : आकृतीसाठी ३२ बाइट, मास्कसाठी ३२ बाइट आणि लक्ष्यबिंदूसाठी ४ बाइट. दर्शक कशाचा बनतो हे या ६८ बाइटांच्या विभागणीवरूनच स्पष्ट होते. साध्या चित्रात यांपैकी पहिला भाग हमखास असतो. दुसरा कधी असतो, कधी नसतो. तिसरा तर बहुतेक वेळा नसतोच. रूपांतराचा सारा प्रश्न येथूनच सुरू होतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) जुन्या प्रतिमा-संचिका आणि दर्शक-संचिका यांच्या रचनेतील साम्य व भेद स्पष्ट करणे.
२) रूपांतराची प्रक्रिया क्रमवार व सोदाहरण मांडणे.
३) रूपांतरातील सामान्य दोष त्यांच्या दृश्य लक्षणांवरून कसे ओळखावेत हे सांगणे.
४) सुरक्षितता, स्वामित्वहक्क आणि सुलभता यांविषयी दक्षता सुचविणे.

३. जुन्या संचिकांचे स्वरूप

एक्सबीएम : एक्स विंडो प्रणालीचा उगम १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. त्या प्रणालीतील ही एकरंगी चित्रसंचिका खरे पाहता ‘सी’ भाषेतील आज्ञावलीचा तुकडाच असते. तीत रुंदी, उंची आणि बाइटांची यादी हे सारे साध्या अक्षरांत लिहिलेले असल्याने कोणत्याही मजकूर-संपादकात ती वाचता येते. विशेष म्हणजे लक्ष्यबिंदूचे आडवे व उभे स्थान सांगणाऱ्या दोन ऐच्छिक ओळींची तरतूद तीत आहे. जुन्या चित्रप्रकारांत हा अपवादच म्हणावा लागेल. मात्र पारदर्शकता सांगण्याची सोय तीत नाही; म्हणून दर्शकासाठी आकृतीची एक व मास्कची एक अशा दोन संचिका द्याव्या लागत.

एक्सपीएम : फ्रान्समधील बुल संशोधन केंद्रात १९८९ मध्ये तयार झालेला हा प्रकार एक्सबीएमचाच रंगीत भाऊ होय. प्रत्येक रंगाला एक अक्षर किंवा अक्षरसमूह दिलेला असतो आणि ‘रंग नाही’ असे लिहून पारदर्शकता दर्शविता येते.

जीआयएफ : कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या या प्रकारात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग असतात. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत त्यांपैकी एक रंग पारदर्शक मानण्याची सोय झाली. पिक्सेल पूर्ण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. अर्धवट पारदर्शकता येथे नाही.

बीएमपी : विंडोज प्रणालीच्या या प्रकारात ओळी सामान्यतः खालून वर साठविलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीची लांबी चार बाइटांच्या पटीत भरून काढलेली असते. जुन्या बीएमपी चित्रांत पारदर्शकता नसते, म्हणून पार्श्वभूमीला गडद गुलाबी-जांभळा असा एखादा चित्रात न येणारा रंग देण्याची प्रथा होती.

जेपीईजी : १९९२ च्या या मानकात पारदर्शकता नाही, शिवाय संक्षेपामुळे कडांभोवती पुसट डाग राहतात. त्यामुळे दर्शकासाठी हा सर्वांत गैरसोयीचा कच्चा माल होय.

४. दर्शक-संचिकांची अंतर्गत रचना

४.१ विंडोजची सीयूआर संचिका

चिन्हांची आयसीओ आणि दर्शकांची सीयूआर या दोन संचिका म्हणजे जवळजवळ जुळी भावंडे आहेत. सुरुवातीच्या ६ बाइटांत प्रकार दर्शविणारा अंक असतो : चिन्हासाठी १, दर्शकासाठी २. त्यानंतर प्रत्येक चित्रासाठी १६ बाइटांची एक नोंद येते. या नोंदीतील चार बाइट फार महत्त्वाचे आहेत. आयसीओमध्ये तेथे रंगस्तरांची संख्या आणि प्रत्येक पिक्सेलमागील बिटांची संख्या असते. सीयूआरमध्ये त्याच जागी लक्ष्यबिंदूचे आडवे व उभे स्थान असते. परिणामी, एखाद्या १६ रंगी चिन्हाच्या नोंदीत १ आणि ४ हे आकडे असतील व आपण केवळ प्रकाराचा अंक १ चा २ केला, तर दर्शकाचा लक्ष्यबिंदू डावीकडून १ आणि वरून ४ या स्थानी जाऊन बसेल. त्या आकड्यांचा लक्ष्याशी काहीही संबंध नसतो. ‘नुसते नाव बदलून चालते’ हा समज येथेच खोटा ठरतो.

त्यापुढे चित्राची माहिती असते. तीत ४० बाइटांचे शीर्षक, रंगांची यादी, रंगचित्र आणि एकबिटी मास्क असे भाग येतात. शीर्षकातील उंची दुप्पट लिहिलेली असते, कारण रंगचित्र आणि मास्क ही एकाखाली एक रचलेली दोन चित्रे आहेत असे मानले जाते. ३२ × ३२ मापाच्या काळ्या-पांढऱ्या दर्शकाचा हिशेब असा : ६ + १६ + ४० + ८ + १२८ + १२८ = ३२६ बाइट. १६ रंगी संचिकेसाठी तो ६ + १६ + ४० + ६४ + ५१२ + १२८ = ७६६ बाइट, तर ३२ बिटी संचिकेसाठी ६ + १६ + ४० + ४०९६ + १२८ = ४२८६ बाइट. जुन्या संग्रहातील संचिकेचा आकार पाहूनच तिच्यात काय असावे याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो.

पडद्यावर दर्शक उमटविताना पडद्याच्या पिक्सेलवर प्रथम ‘अँड’ आणि नंतर ‘एक्स-ऑर’ ही तार्किक क्रिया केली जाते. त्यामुळे चार शक्यता निर्माण होतात :

अँड ०, एक्स-ऑर ० — काळा पिक्सेल
अँड ०, एक्स-ऑर १ — पांढरा पिक्सेल
अँड १, एक्स-ऑर ० — पारदर्शक, मागचा पडदा जसाच्या तसा
अँड १, एक्स-ऑर १ — मागच्या रंगाचा उलटा रंग

मजकुरावर दिसणारी उभी बारीक खूण कोणत्याही पार्श्वभूमीवर दिसावी म्हणून चौथी शक्यता वापरली जात असे. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर चिन्हांना व दर्शकांना आठ बिटी पारदर्शकता मिळाली आणि कडा मृदू दाखविता येऊ लागल्या.

४.२ एक्सकर्सर

युनिक्स व लिनक्स प्रणालींवर पूर्वी दर्शक फक्त दोन रंगांचे असत. फेब्रुवारी २००३ मधील एक्सफ्री८६ च्या ४.३ या आवृत्तीबरोबर रंगीत व अर्धपारदर्शक दर्शकांचा ‘एक्सकर्सर’ हा प्रकार रुळला. एकाच संचिकेत २४, ३२, ४८ अशा अनेक मापांची चित्रे, प्रत्येकाचा स्वतंत्र लक्ष्यबिंदू आणि सचल दर्शकासाठी प्रत्येक चित्राचा कालावधी मिलिसेकंदांत ठेवता येतो. लिनक्सवरील अनेक डेस्कटॉप आजही हाच प्रकार वापरतात.

५. रूपांतराची प्रक्रिया

५.१ पूर्वतयारी

मूळ संचिकेची प्रत करून मूळ संचिका बाजूला ठेवावी. एक्सबीएम असल्यास ती मजकूर-संपादकात उघडून लक्ष्यबिंदूच्या दोन ओळी आहेत का ते पाहावे आणि आकडे लिहून ठेवावेत. पीएनजीसारख्या सामान्य प्रकारात नेताना ही नोंद गळून पडते व नंतर अंदाजावर विसंबावे लागते.

५.२ मास्क तयार करणे

एकरंगी आकृतीसाठी मास्क तयार करण्याची सोपी रीत अशी : आकृतीतील प्रत्येक काळा पिक्सेल घ्यावा आणि त्याच्या आठही बाजूंचे शेजारी पिक्सेल मास्कमध्ये समाविष्ट करावेत. त्यामुळे आकृतीभोवती एका पिक्सेलची पांढरी किनार तयार होते व काळ्या पार्श्वभूमीवरही दर्शक हरवत नाही. यासाठी चित्राच्या कडेला एक पिक्सेल मोकळा असावा. नसल्यास चौकोन आधी वाढवून घ्यावा. चौकोन डावीकडे किंवा वर वाढविला, तर लक्ष्यबिंदूचे आकडेही तेवढेच वाढवावेत.

यापुढील नियम दोन वाक्यांत सांगता येतो. जे मास्कमध्ये नाही ते ‘अँड’ भागात १. जे मास्कमध्ये आहे पण आकृतीत नाही ते ‘एक्स-ऑर’ भागात १. उदाहरणार्थ, आठ पिक्सेल रुंदीच्या एका ओळीत तिसरा, चौथा व पाचवा पिक्सेल काळा आहे आणि वरखालच्या ओळीही तशाच आहेत असे समजू. मग :

आकृती : ००१११०००
मास्क : ०१११११००
अँड भाग : १०००००११, म्हणजे १३१
एक्स-ऑर भाग : ०१०००१००, म्हणजे ६८

पहिला, सातवा व आठवा पिक्सेल पारदर्शक, दुसरा व सहावा पांढरा आणि मधले तीन काळे, असा अपेक्षित परिणाम मिळतो.

५.३ बिटांचा आणि ओळींचा क्रम

वरील आकृतीची ओळ एक्सबीएममध्ये २८ अशी आढळेल, ५६ अशी नव्हे. कारण त्या प्रकारात बाइटाचा सर्वांत कमी किमतीचा बिट डावीकडचा पिक्सेल दर्शवितो. विंडोजच्या संचिकेत याच्या उलट, सर्वांत जास्त किमतीचा बिट डावीकडे असतो. एक्सबीएममध्ये ओळी वरून खाली, तर सीयूआरमध्ये खालून वर साठविलेल्या असतात. एक्सबीएममध्ये १ म्हणजे सामान्यतः काळा, तर दुसरीकडे ‘एक्स-ऑर’ भागातील १ म्हणजे पांढरा. एक्सबीएमची ओळ पूर्ण बाइटावर संपते, तर सीयूआरची चार बाइटांच्या पटीत. ३२ पिक्सेल रुंदीला चारच बाइट लागत असल्याने हा शेवटचा भेद तेथे जाणवत नाही; परंतु ४८ पिक्सेल रुंदीच्या ओळीला ६ ऐवजी ८ बाइट द्यावे लागतात. स्वतः आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हे चार भेद आधी कागदावर मांडून घ्यावेत.

५.४ रंगीत चित्रांची पार्श्वभूमी

जीआयएफमधील पारदर्शक रंग ओळखून तसाच पुढे नेता येतो. बीएमपीमध्ये पार्श्वभूमीचा रंग निवडून पुसावा लागतो. येथे ‘त्या रंगाचे सर्व पिक्सेल पुसा’ अशी आज्ञा देण्याऐवजी बाहेरच्या कडेपासून सलग पसरलेला भागच पुसावा. नाहीतर पांढऱ्या पार्श्वभूमीबरोबर चित्रातील डोळ्यांचा पांढरा भागही नाहीसा होतो. ज्या चित्राच्या कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत मिसळलेल्या असतील त्यांत पुसल्यानंतरही फिकट कडा उरते. ती एका पिक्सेलने आत खरवडून काढणे किंवा तेथे गडद किनार रेखणे हाच व्यवहार्य उपाय होय.

अर्धपारदर्शक चित्रांबाबत आणखी एक भेद लक्षात घ्यावा. एक्सकर्सरमध्ये रंगाची किंमत पारदर्शकतेच्या प्रमाणात आधीच गुणून साठविलेली असते. २५५ किमतीचा पूर्ण तांबडा पिक्सेल साधारण निम्मा पारदर्शक असेल, तर तेथे १२८ ही किंमत येते. विंडोजच्या संचिकेत ती २५५ च राहते. एकीकडील आकडे दुसरीकडे तसेच उचलून ठेवल्यास कडा एकतर जळल्यासारख्या उजळ किंवा मळकट काळ्या दिसतात.

५.५ माप वाढविणे आणि लक्ष्यबिंदू

१६ × १६ चे चित्र आजच्या दाट पिक्सेलांच्या पडद्यावर अतिशय लहान दिसते. ते वाढविताना दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांक पटीतच वाढवावे आणि प्रत्येक पिक्सेलचा तेवढाच चौकोनी ठोकळा करावा. ३२ वरून ४८ ही दीडपट वाढ काही रेषा जाड व काही बारीक करते. त्याऐवजी मूळ १६ वरून तिप्पट केलेले ४८ चांगले.

लक्ष्यबिंदूही त्याच पटीने वाढतो, पण सरसकट गुणाकार करून चालत नाही. बाणाचे टोक डावीकडे वर असेल तर स्थानाला पटीने गुणणे पुरेसे आहे. फुलीच्या आकाराच्या दर्शकात मात्र मध्यबिंदू हवा असतो. १५ × १५ च्या फुलीचा मध्य, मोजणी शून्यापासून धरल्यास, (७, ७) असतो. ती तिप्पट केल्यावर ७ × ३ = २१ हा त्या ठोकळ्याचा डावा वरचा कोपरा झाला; खरा मध्य (२२, २२) येतो. नकाशा किंवा आराखडा रेखाटणाऱ्याच्या कामात एका पिक्सेलचा हा फरकही खटकतो.

५.६ साधने व स्थापना

जुने प्रकार पीएनजीत आणण्यासाठी ‘इमेजमॅजिक’ आणि पिक्सेल हाताने दुरुस्त करण्यासाठी ‘गिंप’ ही मुक्त साधने उपयोगी पडतात. ‘आयकोटूल’ हे साधन लक्ष्यबिंदूचे आकडे घेऊन पीएनजीपासून सीयूआर बनविते. ‘एक्सकर्सरजेन’ या साधनाला एक साधी यादी द्यावी लागते. तिच्या प्रत्येक ओळीत माप, लक्ष्यबिंदूचे दोन आकडे, चित्राचे नाव आणि सचल दर्शक असल्यास कालावधी एवढेच असते. रंगाच्या गुणाकाराचे काम ते स्वतःच करते. विंडोजमध्ये माऊसच्या गुणधर्मांतील ‘पॉइंटर्स’ या पानावरून नवा दर्शक निवडून पूर्ण संच वेगळ्या नावाने जतन करता येतो.

६. दोषनिदान

रूपांतरातील चूक बहुधा डोळ्यांना दिसते आणि प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते.

१) चित्र आठ-आठ पिक्सेलांच्या उभ्या पट्ट्यांत डावे-उजवे उलटलेले दिसते — बिटांचा क्रम बदललेला नाही.
२) चित्र पूर्ण उलटे, पाय वर डोके खाली — ओळींचा क्रम चुकला.
३) छायाचित्राच्या निगेटिव्हप्रमाणे काळे-पांढरे उलट — ० आणि १ यांचा अर्थ बदललेला नाही.
४) चित्र फाटल्यासारखे तिरपे सरकलेले — ओळीच्या शेवटचे भरणाचे बाइट विसरले.
५) दर्शकाभोवती भरीव चौकोन — मास्क रिकामा राहिला.
६) चित्र निर्दोष, पण बटणावर नेमके टोक ठेवूनही क्लिक शेजारी लागते — लक्ष्यबिंदू चुकला.

यांतील सहावा दोष सर्वांत फसवा आहे, कारण चित्र पाहून तो कळत नाही. म्हणून नवा दर्शक वापरण्यापूर्वी एखाद्या चित्रसंपादकात एकच पिक्सेल उमटवून तो टोकाखालीच येतो का, हे तपासणे आवश्यक आहे.

७. दक्षता

७.१ सुरक्षितता

आयत्या दर्शकांचे संच उतरवून घेण्यात धोका असतो, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. ‘कॉमेट कर्सर’ या आकर्षक दर्शक देणाऱ्या सॉफ्टवेअरवर १९९९ मध्ये वापरकर्त्यांच्या संकेतस्थळ-भेटींची नोंद ठेवण्यावरून टीका झाली. त्याहून बोधप्रद उदाहरण विंडोजच्या सचल दर्शकांचे, म्हणजे एएनआय संचिकेचे आहे. या संचिकेत ३६ बाइटांचा एक शीर्षक-विभाग अपेक्षित असतो. विभागाची लांबी संचिकेतच लिहिलेली असते आणि प्रणाली त्या आकड्यावर विश्वास ठेवत असे. मोठा आकडा लिहिलेली खोटी संचिका संगणकाचा ताबा मिळवू शकत होती. जानेवारी २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, पण ती पहिल्या शीर्षक-विभागापुरतीच होती. तसाच दुसरा विभाग असल्यास तो न तपासताच वाचला जाई. अखेर ३ एप्रिल २००७ रोजी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुसरी दुरुस्ती द्यावी लागली. बाहेरून आलेल्या संचिकेतील आकड्यावर पडताळणी न करता विसंबू नये, हा धडा प्रत्येक आज्ञावलीकाराने यातून घ्यावा. साध्या वापरकर्त्यासाठी अर्थ एवढाच : विश्वासार्ह साधनाने स्वतःच्या चित्रापासून दर्शक स्वतः बनविणे अधिक सुरक्षित होय.

७.२ स्वामित्वहक्क

चित्र जुने आहे म्हणून ते मुक्त आहे असे होत नाही. मॅकिंटॉशची सुपरिचित चिन्हे रेखाटणाऱ्या सुझन केअर यांच्यासारख्या कलाकारांचे काम केवळ काही पिक्सेलांचे असले, तरी ती कलाकृतीच आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकृतीवरील हक्क सामान्यतः रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. वैयक्तिक वापर आणि सार्वजनिक वितरण यांतील भेद म्हणूनच पाळला पाहिजे.

७.३ सुलभता

या विषयाकडे केवळ हौस म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. दृष्टिदुर्बल किंवा कंप असलेल्या हाताने माऊस वापरणाऱ्या व्यक्तीला दर्शक न सापडणे म्हणजे काम थांबणे. पुढे प्रणालींनी याची दखल घेतली. ॲपलने २०१५ मध्ये माऊस वेगाने मागे-पुढे हलविल्यास दर्शक मोठा होण्याची सोय केली. विंडोज १० च्या मे २०१९ मधील आवृत्तीत दर्शकाचे माप व रंग निवडण्याची व्यापक सोय आली, तर २०२१ च्या मॅकओएस माँटेरेमध्ये दर्शकाची किनार व रंग बदलता येऊ लागले. तथापि, जाड टोकाची फुली किंवा विशिष्ट आकाराचा हात अशी आकृती ज्याला हवी असेल, त्याला स्वतः तयार केलेला दर्शकच उपयोगी पडतो.

याच न्यायाने, संकेतस्थळाच्या निर्मात्याने पाहुण्याच्या माथी स्वतःचा सुशोभित दर्शक मारणे टाळावे. असा दर्शक वापरकर्त्याने गरजेपोटी निवडलेला मोठा, ठळक दर्शक बाजूला सारतो. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर प्रवेश-अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सजावट अडथळाच ठरते.

८. निष्कर्ष

१) दर्शक म्हणजे आकृती, मास्क व लक्ष्यबिंदू यांचा संयोग होय, रूपांतरात या तिन्हींची स्वतंत्र पडताळणी आवश्यक आहे.
२) आयसीओ व सीयूआर यांचे साम्य फसवे असून केवळ संचिकेचे नाव वा प्रकाराचा अंक बदलणे पुरेसे नाही.
३) एक्सबीएमसारख्या संचिकांतील लक्ष्यबिंदूची नोंद ही मूळ रचनाकाराच्या हेतूची नोंद आहे. जुन्या चित्रांचे जतन करताना ती चित्राबरोबर वेगळ्या टिपणात लिहून ठेवावी.
४) बिट-क्रिया, संचिका-रचना आणि पारदर्शकता या तिन्ही संकल्पना एकाच छोट्या प्रकल्पात हाताळता येत असल्याने पदवी स्तरावरील संगणक प्रात्यक्षिकांसाठी हा विषय अत्यंत उपयुक्त आहे. ३२६ बाइटांची संचिका विद्यार्थी एका बैठकीत बाइटागणिक वाचू शकतो.
५) दर्शक बदलण्याचा अधिकार वापरकर्त्याचा आहे. तंत्र जाणणाऱ्याने ते त्याच्या सोयीसाठी वापरावे, त्याच्या सोयीवर मात करण्यासाठी नव्हे.